मुलाखतीच्या खोलीतले प्रश्न आणि वाचायची पुस्तके

(अकादमीच्या विद्यार्थी-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



भाषेच्या अकादमीने एका निवृत्त डॉक्टरला बोलवावे आणि त्याने वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतींवर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. निमंत्रण देताना कार्यवाहांनी मला दोनच वाक्ये सांगितली होती. मुलांना मुलाखतीची भीती वाटते आणि मुले वाचत नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असला तर तो सांगा. संबंध आहे असे मला वाटते, आणि त्याच्या मधोमध मराठी उभी आहे. म्हणून मी निमंत्रण स्वीकारले.

आधी एक खुलासा. आपल्याकडे बहुतेक मुलांना डॉक्टर होण्यासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. ‘नीट’ची परीक्षा, 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. गुणांवर क्रमांक, क्रमांकावर महाविद्यालय. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हा ठळक अपवाद. तिथे नीटच्या गुणांवरून बोलावलेल्या मुलांची वेगळी चाचणी होते आणि मग समोरासमोर मुलाखत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची जुनी निवडपद्धत तर प्रसिद्धच होती. मुलांना तिथे काही दिवस ठेवून घेऊन पारखत असत. पण 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तिथेही प्रवेश नीटमधूनच व्हावा असा निर्णय दिला.

मुलाखत काढून टाकली त्यामागे कारण होते, हेही सांगायला हवे. आपल्याकडे मुलाखत म्हटली की वशिला आठवतो. अजय हसिया यांच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयासमोर श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण आले होते. तिथे एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडी मुलाखतीला होते, मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकत असे, आणि प्रश्न कोणते, तर वडील काय करतात, राहता कुठे. पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवू नयेत असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा मुलाखती पुन्हा सुरू करा असे म्हणायला मी इथे उभा नाही.

पण गोव्यातली पुष्कळ कुटुंबे आता इंग्लंडात आहेत. स्विंडनला गेलात तर रस्त्यात कोकणी ऐकू येते. या कुटुंबांतली मुले तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज करतात आणि तिथे मुलाखत चुकत नाही. बेळगाव, कोल्हापूरकडची काही मुले सैन्याच्या महाविद्यालयासाठी तयारी करतात. गेली काही वर्षे अशी मुले माझ्याकडे येतात. सुट्टीत आलेली असली तर घरी, नाहीतर संगणकाच्या पडद्यावर. मी त्यांची खोटी मुलाखत घेतो. फी घेत नाही. एक अट असते, ती पुढे सांगेन.

मुले घाबरतात ते प्रश्न साधारण ठरलेले आहेत. पहिला अर्थात, ‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ याला दहापैकी नऊ मुले लोकसेवा सांगतात. मग परीक्षक शांतपणे विचारतो, ‘मग परिचारिका का नाही? ती रुग्णाजवळ तुमच्यापेक्षा जास्त वेळ असते.’ इथे मूल गप्प होते. हा प्रश्न कुत्सित नाही. डॉक्टरच्या कामात असे काय आहे जे परिचारिकेच्या, औषधविक्रेत्याच्या, समाजसेवकाच्या कामात नाही, याचा विचार तुम्ही केला आहे का, एवढेच त्यात विचारलेले असते. निदान करण्याचे कोडे आवडते, निर्णयाची जबाबदारी आपल्यावर असावी असे वाटते, शरीर कसे चालते याचे कुतूहल आहे, असे काही खरे उत्तर असले तर ते सांगायला लाजू नये. माझ्या अनुभवात मुले लाजतात ती याच उत्तरांना. सेवा हा शब्द बिनधोक वाटतो.

दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्न ऑक्सफर्ड, केंब्रिजकडचे. तिथे पाहतात तुम्ही विचार कसा करता ते. ऑक्सफर्डने काही वर्षांपूर्वी नमुन्यादाखल प्रसिद्ध केलेला एक प्रश्न मला फार आवडतो. बांगलादेश, जपान, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन हे देश दर हजारी मृत्यूंच्या प्रमाणानुसार क्रमाने लावा. बहुतेक मुले बांगलादेश वर टाकतात आणि जपान तळाशी. पण जपानात म्हाताऱ्यांचे प्रमाण मोठे, म्हणून दर हजारी मृत्यूही जास्त. बांगलादेशात तरुण लोकसंख्या, म्हणून कमी. आपल्याकडेही हीच गंमत आहे. केरळचा स्थूल मृत्युदर बिहारपेक्षा जास्त भरतो. यावरून केरळात आरोग्य वाईट असे कोणी म्हणणार नाही. उत्तर चुकले तरी परीक्षक तुम्हाला घालवून देत नाही. ‘जपानबद्दल आणखी काय ठाऊक आहे?’ असे बोट धरून तो नेतो, आणि त्याच्याबरोबर चालता येते का ते पाहतो. वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. मी आठवीच्या मुलांना विचारला होता. एका मुलाने सांगितले, ‘आमच्या वाड्यावर सगळी म्हातारीच उरलीत, म्हणून आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी जातं.’ पोरगा आपणहून मुद्द्यावर आला.

तिसरी तऱ्हा कॅनडातून आली. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला निराळी पद्धत आणली आणि 2004 साली तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकच लांब मुलाखत न घेता दहाएक छोट्या खोल्या. प्रत्येक दारावर एक प्रसंग चिकटवलेला. दोन मिनिटे वाचायचे, घंटा झाली की आत जायचे, आठ मिनिटे बोलायचे, पुन्हा घंटा, पुढची खोली. एका खोलीत बिघडले तरी पुढच्या खोलीतल्या परीक्षकाला ते ठाऊक नसते. आज ब्रिटनमधल्या बऱ्याच महाविद्यालयांत हीच पद्धत आहे. काही खोल्यांत नट बसलेला असतो. मॅकमास्टरच्या मूळ नमुन्यांत एक प्रसंग असा होता. तुमच्या सहकारी बाईंना महत्त्वाच्या बैठकीसाठी विमानाने न्यायचे आहे, तुम्ही त्यांना घ्यायला आला आहात. आत गेल्यावर कळते की 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बाईंना विमानाची धास्ती बसली आहे. बोला आता. पुढे तयारी करून घेणाऱ्यांनी याचे अनेक अवतार काढले. त्यातला लोकप्रिय म्हणजे, तुमच्या गाडीखाली शेजारणीचे मांजर आले, ते तिला सांगा.

मांजराचा प्रसंग मी प्रत्येक मुलाला देतो, आणि माझी अट इथे लागू होते. अट अशी, की प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला जाईल. एकदा इंग्रजीत आणि एकदा घरच्या भाषेत. मराठी असेल तर मराठीत, कोकणी असेल तर कोकणीत.

पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मुलाखत तर इंग्रजीत होणार! पण काय होते ते सांगतो. इंग्रजीत मुलगा म्हणतो, मला आपल्याला एक दुःखद बातमी द्यायची आहे, आपण कृपया बसता का. तीच वाक्ये, तोच क्रम, मधे ठरलेला पॉझ. शिकवणीवर्गात याची तयार साचे मिळतात. मग मी म्हणतो, आता मी तुझ्या शेजारच्या काकी. सांग. मुलाजवळ तयार वाक्य नसते. ‘काकी, आपल्याला एक दुःखद बातमी’ असे म्हणताच त्याला स्वतःलाच हसू येते, कारण असे मराठी कुठल्याच काकीशी कोणी बोलत नाही. तो थांबतो. मग म्हणतो, ‘काकी, मनीला लागलंय. माझ्या गाडीखाली आली. गेली ती.’ तीन वाक्ये. त्यातले शेवटचे बोलताना बहुतेक मुलांचा आवाज बदलतो. पाठांतर संपले आणि माणसाशी बोलणे सुरू झाले, ते तिथे. त्यानंतर त्याला पुन्हा इंग्रजीत बोलायला लावले की इंग्रजीही सुधारते. साधी होते, आखूड होते.

याच अटीमुळे मला दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट ऐकायला मिळाली. एक मुलगी येत असे. मूळ गाव दोडामार्गाकडे, आता म्हापशात राहतात. हुशार, नीटनेटकी, इंग्रजी स्वच्छ. डॉक्टर का व्हायचे, याचे तिचे इंग्रजी उत्तर इतके गुळगुळीत होते की त्यावरून हात फिरवावा. सहवेदना, विज्ञान, समाज, सगळे जागच्या जागी. मराठीत विचारले तेव्हा बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, ‘डॉक्टर, मी बारा वर्षांची असताना आजीला घेऊन आम्ही मोठ्या शहरात गेलो होतो. तिथे डॉक्टर हिंदी आणि इंग्रजी बोलायचे. आजीला मालवणीशिवाय काही येत नव्हतं. बाबा औषधं आणायला खाली गेलेले. डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं आणि म्हणाले, हे तुझ्या आजीला सांग. तो शब्द मला माहीत होता. मी आजीला सांगितलं, गाठ आसा, काढतले.’

आजीने विचारले, वाईट गाठ? ती म्हणाली, नाय. आजी आठ महिन्यांनी गेली. शेवटपर्यंत तिला कोणी सांगितले नाही, कारण ते डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे असे सगळ्यांनी धरून चालले होते.

मी तिला म्हटले, हीच तुझी मुलाखत. हेच तिथे सांग. मुलगी म्हणाली, ‘नाही. आजी काही माझ्या अर्जाला जोडायची नाही.’

आम्ही त्या दिवशी यावर पुष्कळ वाद घातला. माझे म्हणणे होते की आपल्या आयुष्यातला खरा प्रसंग सांगणे म्हणजे तो विकणे नव्हे; परीक्षकाला तुमच्याबद्दल खरे काही कळण्याचा दुसरा मार्गच नसतो. तिचे म्हणणे होते की तिथे प्रत्येक जण एक मेलेला नातेवाईक घेऊनच येतो. हे तिचे शब्द. कठोर आहेत, पण खोटे नाहीत. मुलाखतींच्या या पद्धतीत दुःखाला गुण मिळतात, आणि ज्याच्या घरी सुदैवाने कोणी आजारी पडलेले नाही तो मुलगा आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही म्हणून खंतावतो. तिने ती गोष्ट मुलाखतीत सांगितली नाही. तिची निवड झाली. मला अजूनही वाटते की सांगायला हवी होती. ती भेटली की आम्ही यावर अजूनही भांडतो.

आता माझ्या मनात या सगळ्याआधीची एक मुलाखत आहे, ती आपल्या भाषेतल्या एका मुलीची. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या. वय अठराही पूर्ण नव्हते. गोपाळराव तेव्हा तिथे टपालखात्यात होते. आनंदीबाई वैद्यक शिकायला एकट्याच अमेरिकेला निघाल्याचे कळल्यापासून लोक नाना तऱ्हेने विचारत होते, टोचत होते. आनंदीबाईंनी ते सगळे सहा प्रश्नांत बसवले आणि इंग्रजी भाषणात एकेकाला उत्तर दिले. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर वाळीत टाकले तर? काही अरिष्ट आले तर? आणि माझ्या जातीतल्या, माझ्यासारख्या कोणा स्त्रीने आजवर जे केले नाही ते मीच का करावे?

आजच्या कुठल्याही निवडमंडळाचे प्रश्न यांच्यापुढे मवाळ आहेत. आणि उत्तरे पाहा. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि मी त्या कामाला तयार आहे. इथे सुईणपण शिकवतात, ते पुरेसे नाही. एकटी जाते कारण माझ्या पतीवर आईवडील आणि धाकटे भाऊ अवलंबून आहेत, दोघांनी जाणे परवडत नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. पैशाची अडचण भर सभेत सांगायला आनंदीबाई लाजत नाहीत, हे मला विशेष वाटते. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या अर्जात त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लावून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिक्षण हवे आहे. यात ‘सेवा’ आहे, पण ती कोणाची, कशासाठी, आणि दुसऱ्या कोणाकडून ती का होत नाही, हे सगळे आहे. परिचारिका का नाही, याचेही उत्तर त्यात आले. आनंदीबाईंना मार्च 1886 मध्ये पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. अरिष्टाचा पाचवा प्रश्न खरा ठरला, म्हणून पहिल्याचे उत्तर खोटे ठरत नाही.

मुलांना मी आनंदीबाईंवरची कादंबरी आधी देत नाही. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ लोकप्रिय आहे, वाचनीय आहे. पण आधी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र वाचावे असे माझे मत आहे. 1912 चे पुस्तक, भाषा जुनी, काही पाने संथ. तरी एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीबद्दल, काळ जवळ असताना लिहिलेले ते आहे.

पुस्तकांकडे आलोच आहोत तर त्यातल्या धोक्याबद्दल आधी बोलतो. ‘अलीकडे काय वाचलेत?’ हा प्रश्न सगळ्यांत निरुपद्रवी दिसतो आणि सगळ्यांत जास्त मुले त्यात अडकतात. एका मुलाने मला पॉल कलानिधी यांच्या ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’चे नाव सांगितले. मेंदूचे शल्यचिकित्सक, तरुणपणी फुप्फुसाचा कर्करोग, 2016 साली मृत्यूनंतर आलेले पुस्तक. अर्जांत याचे नाव इतके येते की परीक्षक सावधच असणार. मी विचारले, शेवटचे प्रकरण कोणी लिहिले आहे? मुलगा गोंधळला. ते त्यांच्या पत्नी लूसी यांनी लिहिले आहे, कारण पॉल यांना पुस्तक पुरे करता आले नाही. ज्याने पुस्तक वाचले त्याला हे विसरता येणार नाही. दुसऱ्या एका मुलाने मान खाली घालून सांगितले, ‘सर, खरं सांगू? मी पूर्ण वाचलेली पुस्तकं म्हणजे फास्टर फेणे.’ मी म्हटले, मग त्यावर बोल. वीस मिनिटे बोलला. बन्या संकटात सापडला की आधी घाबरतो आणि मग आजूबाजूला पाहायला लागतो, हे त्याने टिपले होते. निदान करणाऱ्या माणसाचे याहून चांगले वर्णन मी शिकवण्याच्या तीस वर्षांत क्वचित केले असेल.

विल्यम ऑस्लर हे आधुनिक वैद्यक शिक्षणातले मोठे नाव. 1904 च्या आपल्या भाषणसंग्रहाच्या शेवटी त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी उशाशी ठेवायच्या पुस्तकांची यादी दिली आणि झोपण्याआधी अर्धा तास वाचा असे सांगितले. बायबल, शेक्सपिअर, माँतेन, प्लुटार्क, मार्कस ऑरेलियस, एपिक्टेटस, ‘डॉन किहोते’, एमर्सन, आणि टॉमस ब्राउन व ऑलिव्हर वेंडेल होम्स हे दोन लिहिते डॉक्टर. शरीरशास्त्राचे एकही पुस्तक नाही. यादी त्या काळच्या गोऱ्या, ख्रिस्ती, सुखवस्तू पुरुषाची आहे, ती जशीच्या तशी घेण्यात अर्थ नाही. अर्धा तास मात्र घेण्यासारखा आहे.

माझी यादी लहान आहे आणि पक्षपाती आहे. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा, 1886 ची, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्या वर्षाची. न्यायाधीश आजारी पडतो आणि त्याच्या लक्षात येते की डॉक्टर आपल्याशी तसेच बोलतो आहे जसे आपण न्यायालयात आरोपीशी बोलत आलो. एवढ्या एका निरीक्षणासाठी ती वाचावी. अतुल गवांदे यांचे ‘बीइंग मॉर्टल’ 2014 चे; त्याची सुरुवातच या कथेच्या आठवणीने होते. त्यात गवांदे आपल्या आजोबांबद्दल लिहितात. महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यात शंभरी ओलांडलेले सीताराम गवांदे कुटुंबाच्या मध्यभागी कसे जगले, आणि अमेरिकेत म्हातारपण कसे संस्थांच्या हाती गेले. आपल्याकडच्या वाचकाला इथे छाती फुगवायचा मोह होतो. तो टाळावा. त्या आजोबांच्या मागे घरातल्या किती माणसांचे, विशेषतः किती बायकांचे आयुष्य खर्ची पडले असेल, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर वाचकाने स्वतःला विचारावा.

ॲन फॅडिमन यांचे 1997 चे ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ हे पुस्तक मी त्या म्हापशाच्या मुलीला दिले होते. लाओसमधून निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी आलेल्या ह्माँग कुटुंबातली लिया ली नावाची मुलगी, तिला झटके येतात. आईवडील म्हणतात, भुताने धरले आणि ती पडली. डॉक्टर म्हणतात, अपस्मार. पहिल्या भेटींत दुभाष्या नव्हता, झटका थांबलेला होता, आणि डॉक्टरांनी छातीचा आजार समजून औषध दिले. पुढे औषधे वाढत गेली, बदलत गेली, आईवडिलांना ती समजेनात, आणि शेवटी न्यायालयाने मुलगी काही काळ घरातून काढून नेली. कोणीच दुष्ट नाही. सगळे जीव तोडून प्रयत्न करतात. मराठी वाचकाला ह्माँग शब्द परका वाटणार नाही. आपणही ‘झपाटलं’ म्हणतो, ‘वारं आलं’ म्हणतो, ‘आकडी आली’ म्हणतो, आणि यातला कुठला शब्द घरात वापरला जातो यावर पेशंट आधी कुठे नेला जाईल ते ठरते.

मराठीतली काही पुस्तके. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. यात वैद्यक कुठे आहे, असे एका शिक्षकांनी मला विचारले होते. सुरुवातीलाच आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड वाचा. आज आपण त्याला एका मानसिक आजाराचे नाव देऊ. लक्ष्मीबाई नाव देत नाहीत. त्या घरातल्यांनी ते कसे सोसले ते सांगतात, तेही हसत हसत. नाव कळल्यावर जे दिसेनासे होते ते इथे दिसते. अनिल अवचट स्वतः एमबीबीएस होते आणि त्यांनी दवाखाना थाटला नाही. त्यांचे ‘माणसं’ वाचले की समोरच्याला मधे न तोडता ऐकायचे कसे ते कळते. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, डॉक्टर पेशंट होतो तेव्हाचे. डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’, मोठ्या सरकारी रुग्णालयाचा वास ज्याला घ्यायचा आहे त्याने. वीणा गवाणकरांचे ‘डॉ. आयडा स्कडर’. आणि माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, जिच्यात डॉक्टर नाही. परक्या गावात गेलेला एक तरुण मास्तर आहे, आणि गावाने त्याची घेतलेली मुलाखत आहे.

या शेवटच्या वाक्यातच मला म्हणायचे आहे ते बरेचसे आले. आपल्याकडे प्रवेशाच्या दारात मुलाखत नाही, पण ती पुढे होते. बांबोळीच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी सत्तरीचा, सावंतवाडीचा, कारवारचा माणूस एकापाठोपाठ येतो. त्याच्यासमोर वीस वर्षांचा विद्यार्थी उभा असतो, ज्याने आयुष्यात 180 प्रश्नांना चार पर्यायांतून उत्तरे दिलेली आहेत. पेशंटच्या प्रश्नाला पर्याय नसतात. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता यांचे वेगळे धडे आले, सुरुवातीच्या महिन्यात स्थानिक भाषेची ओळखही आली. चांगले झाले. पण ‘आपले नाव काय, कुठे दुखते’ एवढ्यावर ही ओळख थांबते असे मी पाहिले आहे.

‘कुठे दुखते’ याहून ‘कसे दुखते’ हा प्रश्न अवघड आहे. मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजीत माणसे दुखण्याला जे शब्द वापरतात ते गोळा करून 78 शब्द वीस गटांत लावले. पेशंटने आपले शब्द निवडायचे. त्यावरून दुखणे कशा जातीचे आहे याचा अंदाज येतो. आता आपल्या शब्दांकडे पाहा. कळ येते, आणि ती येते-जाते. प्रसूतीच्या म्हणून त्या कळा. चमक निघते, हालचाल केली की. ठणका लागतो, दात किंवा गळू, आणि तो रात्री वाढतो. जखम ठसठसते. पायात वांब येतो. पाठीत उसण भरते. पोटात मुरडा पडतो. सणक जाते. हातापायांची आग होते, तळव्यांना मुंग्या येतात. बसून बसून रग लागते. यातला प्रत्येक शब्द निम्मे निदान करून देतो. स्नायू, मज्जातंतू, आतडे, पू, सगळे त्यात वेगवेगळे आहे. विद्यार्थी मात्र केसपेपरवर सगळ्याला एकच शब्द लिहितात, ‘पेन’. आणि ‘जीव घाबरतो’, ‘कसंसंच होतं’ असे कोणी म्हटले की त्यांना वाटते पेशंटला नीट सांगता येत नाही. छातीत फार न दुखता आलेला हृदयविकाराचा झटका कित्येकदा याच शब्दांत दारात येतो, विशेषतः मधुमेहाच्या पेशंटमध्ये आणि बायकांमध्ये.

माझ्याकडे एक वही आहे. नोकरीत असताना तपासताना कानावर पडलेले शब्द मी तिच्यात लिहून ठेवत असे. कोणी वापरला, कुठल्या तालुक्यातला, आणि शेवटी निदान काय निघाले. पेडण्याचे, डिचोलीचे, बांद्याचे, खानापूरचे. काही शब्द एकदाच ऐकलेले आहेत आणि त्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. एका म्हाताऱ्या बाईने पोटाकडे बोट दाखवून वापरलेला एक शब्द तर मी तीन जणांना विचारला आणि तिघांनी तीन अर्थ सांगितले.

इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांना निबंधाऐवजी हे काम द्या. प्रत्येकाने घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारायचे, की दुखण्याला तुमच्याकडे काय काय म्हणतात, आणि कुठला शब्द कुठल्या दुखण्याला. उत्तर त्यांच्या तोंडी आहे तसेच लिहून आणायचे, शुद्ध करायचे नाही. अकादमीने परवानगी दिली तर ते कागद मी गोळा करीन आणि माझ्या वहीशी जुळवून पाहीन. त्या एका शब्दाचा अर्थ कोणाच्या आजीला माहीत असला तर मला लगेच कळवा.

काही प्रश्न असतील तर विचारा. मराठीत विचारलेत तर बरे.